संयोगाचा दोष

निर्दोष वस्तू एकत्र आल्यानें दोष उत्पन्न होऊं शकतो काय, आणि झाल्यास तो कोणाच्या माथीं यावयाचा? तर्कशास्त्राच्या वर्गांत हा प्रश्न सुखानें चर्चितां येतो. रुग्णाच्या उशाशीं बसलें असतां तो टाळतां येत नाहीं.

येथील माझ्या एका वृद्ध स्नेह्यांस रक्ताचा कर्करोग झाला. त्यांचा प्रोमायलोसायटिक हा प्रकार एके काळीं अत्यंत घातक होता. आज ट्रेटिनॉइन व आर्सेनिक ट्रायऑक्साइड ह्या जोडीनें बहुतेक रोगी बरे होतात. आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे आपला सोमलच. रसविद्येच्या नागार्जुनाचें नांव परंपरेनें रामटेकाशीं जोडलेलें आहे. तेव्हां विषाचें औषध झालेलें पाहून नागपूरकरांनीं चकित होऊं नये. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्‌स्थिति पूर्ववत् होण्यास जो काळ लागतो, तो ह्या सोमलानें लांबतो. ईसीजीवर 'क्यूटी' नांवाचें अंतर वाढलेलें दिसतें. तें ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेलें, तर हृदयाची लय एकाएकीं बिघडून प्राणावर बेतण्याची भीति फार वाढते.

सोमल चालू असतां ओकारी थांबावी म्हणून ऑन्डान्सेट्रॉन मिळालें. तोंडांत बुरशी आली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनीं फ्लुकोनाझोल दिलें. ताप आला म्हणून तिसऱ्यांनीं लेव्होफ्लॉक्सासिन लिहिलें. तें धंतोलीवरून मींच आणून दिलें. हीं तिन्ही औषधें तेंच अंतर लांबवितात. शिवाय ओकाऱ्यांनीं शरीरांतील पोटॅशियम व मॅग्नेशियम उणें झालें होतें. त्यानेंही हा धोका वाढतो. एके पहाटे ते घेरी येऊन पडले. वेळीं ईसीजी निघाला, औषधें बदललीं, क्षार भरून काढले, म्हणून ते वांचले.

त्यांच्या चिरंजीवांनीं मला विचारलें, "सर, चूक कोणाची?" प्रत्येक चिठ्ठी आपल्यापुरती शुद्ध होती. परंतु दूध व आंबट पदार्थ हीं पृथक् पथ्यकर असूनही एकत्र विरुद्ध होत, असें मानून चरकानें संयोगविरुद्ध हा निराळाच वर्ग कल्पिला. उदाहरणाविषयीं मतभेद असोत. विचार मात्र खरा आहे. संयोगाचा दोष घटकांत शोधून सांपडत नाहीं.

मग तो कोणाचाच नव्हे काय? टर्फेनाडिन हें सर्दीशिंकांवरील औषध किटोकोनाझोलाबरोबर घेतल्यानें असाच अनर्थ होई. तो प्रथम घडला तेव्हां अज्ञान ही सबब खरी होती. तें औषध १९९८ सालीं अमेरिकेच्या बाजारांतून गेलें, आणि त्याबरोबर ती सबबही गेली. आज ज्ञान आहे. तें तीन टेबलांवर विभागलेलें आहे इतकेंच. बारभाईच्या कारभारांत जबाबदारी वांटली जात नाहीं, ती हरवते.

ह्यावर भिऊन सोमलच बंद करा म्हणणें हा उलट अनर्थ होय. त्यानें कर्करोगास मोकळीक मिळेल. आणि सगळा भार रुग्णावर टाकणें अन्यायाचें आहे. गडचिरोलीहून वा बालाघाटाहून चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन येथें येणाऱ्यास त्या वाचतां येतीलच असें नाहीं. म्हणून मला वाटतें, जो शेवटचें औषध जोडतो त्यानें आधींचीं सर्व विचारलीं पाहिजेत. मग तो लिहिणारा असो, विकणारा असो वा आणून देणारा असो.

मीं चिरंजीवांस उत्तर दिलें, "इतरांचें मला ठाऊक नाहीं. दुकानांत मला विचारतां आलें असतें; मीं विचारलें नाहीं."