टीव्हीखालची पट्टी आणि खर्जाचा सूर

टीव्ही पातळ झाला तसा त्याचा आवाजही पातळ झाला. जुन्या खोक्याएवढ्या टीव्हीत स्पीकरला निदान जागा तरी होती. आता बोटभर जाडीच्या पडद्यात तो खाली किंवा मागे तोंड करून कसाबसा बसतो. म्हणून घरोघरी टीव्हीखाली एक लांबट काळी पट्टी आली, साउंडबार. तारांचं जंजाळ नाही, फोनवरून गाणं लावलं की वाजतं. आणि पट्टी घरात आली की कुणीतरी विचारतंच: बातम्या, मालिका, सिनेमे ठीक, पण गाणं ऐकायला हे पुरेसं आहे का?

दुकानदार याचं उत्तर वॅटमध्ये देतो. पण गाणं असतं कुठे, हे ठरल्याशिवाय त्याला काय पुरेल हे कसं ठरणार? आणि ध्वनी असतो कुठे, यावर आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतकं कडाक्याचं भांडण केलं आहे.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, शब्द हा आकाशाचा गुण. तो जन्मतो आणि मरतो. नगाऱ्यावर टिपरी पडली की पहिला ध्वनी दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि त्या वंशातला शेवटचा कानात शिरतो. विश्वनाथ न्यायपंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त या प्रवासाची दोन चित्रं दिली आहेत: पाण्यावरची लाटेमागून लाट, नाहीतर एकदम सगळ्या दिशांना फुलणारा कदंबाचा गोंडा. म्हणजे नगाऱ्यावर उमटलेला ध्वनी कुणालाच कधी ऐकू येत नाही. ऐकू येतो तो त्याचा पणतू-खापरपणतू. मीमांसकांना हे साफ अमान्य. जैमिनीच्या सूत्रांपासून त्यांचा आग्रह एकच, शब्द नित्य आहे. उच्चार त्याला घडवत नाही, प्रकट करतो. हा वाद वेदांच्या शब्दाविषयीचा होता, मैफलीचा नव्हे. तरी तो साउंडबारला चपखल बसतो. मीमांसकाच्या बाजूने पाहिलं तर यमन आहेच, पट्टीने तो प्रकट केला की तिचं काम झालं. नैयायिकाच्या बाजूने पाहिलं तर या खोलीत, या क्षणी जो ध्वनी जन्मला तेवढंच गाणं. तो अशक्त जन्मला तर गाणंच अशक्त.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सुरुवातीला मीमांसकांच्या बाजूने कौल देतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान कर्ण्यात तोंड घालून गायल्या. त्या तंत्रात वरचे आणि खालचे बहुतेक सूर गळून जात. तबकडी तीनेक मिनिटांत संपे. शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसांना गाणारं कोण हे कळायला हवं होतं. पुढे विजेच्या मायक्रोफोनने परिस्थिती बरीच सुधारली, पण खरखर गेली नाही. तरीही गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. आजची कुठलीही स्वस्त पट्टी त्या ग्रामोफोनपेक्षा कैक पटींनी स्वच्छ वाजते. एवढ्या खरखरीतून खाँसाहेबांचा सूर एका मुलाला घराबाहेर काढू शकला, तर ‘पुरेसं’ या शब्दाची किमान मर्यादा फारच खाली आहे.

पण अल्लादिया खाँसाहेबांचं काय करायचं? जयपूर गायकीच्या या प्रवर्तकाचा आवाज एकाही तबकडीवर नाही. घराणं चाललं ते समोर बसवून दिलेल्या तालमीवर. आणि गंमत अशी की त्यांच्याच शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढली आणि पुढे आंतरतारकीय अवकाशात गेली. तिथे हवा नाही, कानही नाही. शब्द नित्य मानणाऱ्या मीमांसकालाही ती भैरवी तिथे कुणाला प्रकट होते, हे सांगताना अडखळायला होईल.

आता पट्टीकडे वळू. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुरात, गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. सबवूफर नसलेली बारीक पट्टी शंभरच्या खाली बहुधा ढेपाळते. म्हणजे खर्जाचा मूळ सूर तिच्यातून जवळपास निघतच नाही. तरी ऐकणाऱ्याला खर्ज ऐकू येतो! कारण त्या तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात, आणि ते पट्टीला सहज पेलतात. त्यांवरून कान गाळलेला पाया स्वतः भरून काढतो. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो शंभर-सव्वाशेच्या घरात. तरी काकांचा फोन काकांचाच वाटे, काकूंचा नव्हे.

तंबोऱ्याला तर उपस्वरांचं वरदानच आहे. त्याची रुंद, किंचित बाकदार घोडी आणि जवारीचा दोरा यांमुळे, जे उपस्वर नेहमीच्या नियमाने उमटू नयेत तेही उमटतात; सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर लिहिलं. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा असाच पाचवा उपस्वर, काळी एकच्या तंबोऱ्यात सुमारे ३४६ हर्ट्झचा. मैफलीत खर्ज छेडला की न छेडलेला गंधार ऐकू येतो. पट्टीवर गंधार वाजतो आणि त्याच्या आधाराने न वाजलेला खर्ज ऐकू येतो.

मग हा खर्ज खरा की भ्रम? शिंपल्यात चांदी दिसते तेव्हा नैयायिक सांगतात की ती चांदी कुठेतरी खरीच असते, फक्त इथे नसते. या मताला ते अन्यथाख्याती म्हणतात. पट्टीतला खर्ज अगदी तसाच आहे: ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो खरोखर वाजला होता, दिवाणखान्यात नाही. पण ज्ञान खरं की खोटं याची नैयायिकांची कसोटी व्यवहाराची. चांदी समजून शिंपला उचलायला गेलं की फजिती होते. पट्टीतल्या खर्जाला षड्ज लावायला बसलेल्या विद्यार्थ्याची होत नाही. त्याचा षड्ज बिनचूक लागतो. असा व्यवहारात टिकणारा भ्रम कुठल्या खणात ठेवायचा, हे नैयायिकाला विचारायला मजा आली असती.

इथवर पट्टी जिंकते. यापुढे मात्र तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवाचं ऐकायला हवं. यादवांच्या पदरी असलेल्या या पंडिताने ‘संगीतरत्नाकरा’त अनाहत नादाची, आघाताशिवाय असणाऱ्या नादाची, थोरवी मान्य केली, तो मुक्ती देतो असं म्हटलं, आणि लगेच जोडलं की त्याने लोकांचं रंजन होत नाही. म्हणून त्याचा ग्रंथ आहत नादाचा, आघातातून जन्मणाऱ्या ध्वनीचा. आणि तो सुरू होतो शरीराच्या उत्पत्तीपासून. नादाला देह लागतो, हे त्याने आधीच ठरवून टाकलं. पट्टीचा देह कुठे तोकडा पडतो?

डग्ग्यात, सर्वांत आधी. तळहाताच्या दाबाने डग्ग्यावर निघणारा घुमारा आणि मींड नेमकी त्या खालच्या पट्ट्यात राहते, आणि तिथे कानाचा अंदाज पुरत नाही, कारण घुमारा छातीवर जाणवावा लागतो. सबवूफर ती उणीव भरतो, पण कित्येकदा सिनेमातल्या स्फोटांच्या हिशेबाने. मग प्रत्येक ‘घे’ सारखाच धपकतो. दुसरा तोकडेपणा रुंदीचा. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज सर्वसाधारण सल्ला असा की दोन स्पीकर ऐकणाऱ्यापासून साठ अंशांच्या कोनात असावेत. मीटरभर लांबीची पट्टी तीन मीटरवरून जेमतेम एकोणीस अंश व्यापते. जुन्या तबकड्यांना याची झळ नाही, त्या मुळातच एका वाहिनीच्या. ब्लूटूथबद्दल उगाच फार रडलं जातं. सीडीतला सेकंदाला १४११ किलोबिटचा मजकूर नेहमीच्या एसबीसी पद्धतीत सव्वातीनशेच्या आसपास येतो हे खरं, पण वाय-फायने जोडलं तर तेवढं आवळावं लागत नाही.

खरा उपद्रव वेगळाच. बऱ्याच पट्ट्यांत मोठा आवाज दाबून लहान उचलण्याची सोय असते; रात्री शेजारी उठू नयेत आणि कुजबुजीतले संवाद कळावेत म्हणून. सिनेमाला ती उपकारक. ख्यालाला घातक. गवई आलापात क्षणभर थांबला की यंत्राला वाटतं आवाज पडला, आणि मागचा तंबोरा फुगून पुढे येतो. गवई परतला की तो पुन्हा दबतो. गायकाने राखलेली शांतता यंत्र स्वतःच्या अकलेने भरून टाकतं. कानाने खर्ज भरून काढणं आणि यंत्राने विराम भरून काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मुळात असलेलंच परत मिळतं. दुसऱ्यात जे मुळात मुद्दाम रिकामं होतं त्यावर डल्ला पडतो. मीमांसकसुद्धा याला प्रकट करणं म्हणणार नाही.

तेव्हा निकाल असा: भावगीत, अभंग, नाट्यपद, जुनी चित्रपटगीतं आणि जुन्या तबकड्या यांसाठी बरी पट्टी पुरेशी आहे. विलंबित ख्यालासाठी आणि तबल्याच्या एकलवादनासाठी ती अटींवर पुरते. आभासी सराउंड आणि रात्रीचा मोड बंद करावा, ‘म्युझिक’ किंवा ‘स्टँडर्ड’ ठेवावा, पट्टी फडताळात कोंबू नये आणि पाच-सहा फुटांवर बसावं. विकत घेण्याआधी दुकानात स्फोटांचा सिनेमा नको, तंबोऱ्यासह एखादा संथ आलाप लावायला सांगा. गवई थांबल्यावर तंबोरा होता तेवढाच राहिला तर खुशाल घ्या. फुगला, आणि ते बंद करायची सोय नसेल, तर त्याच पैशांत दोन साधे स्पीकर बघा.