वेदनेचे शब्दप्रमाण

१

दुखणे सांगता येते का, हा प्रश्न जुना आहे. सांगितलेले दुखणे ऐकले जाते का, हा प्रश्न त्याहून वेगळा आणि नैतिकदृष्ट्या अधिक अडचणीचा आहे. पहिल्या प्रश्नाचा विचार पाश्चात्त्य साहित्याने आणि तत्त्वज्ञानाने पुष्कळ केला. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर लिहिताना प्रेम आणि चिंतन यांसाठी समृद्ध असलेली इंग्रजी भाषा साध्या डोकेदुखीपाशी दरिद्री होते, अशी तक्रार केली. विटगेनस्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वशोधात वेदनेची संपूर्ण खाजगी भाषा संभवते का, याची चिकित्सा आली. एलेन स्कॅरी यांनी १९८५ च्या 'द बॉडी इन पेन' या ग्रंथात असे दाखवले, की वेदना भोगणाऱ्यासाठी सर्वाधिक निश्चित आणि ऐकणाऱ्यासाठी सर्वाधिक संशयास्पद असते. या विवेचनांचे मोल वादातीत आहे. मात्र वुल्फ आणि स्कॅरी यांच्या मांडणीत उणीव मुख्यतः सांगणाऱ्याच्या बाजूला धरली जाते. भाषा अपुरी पडते, म्हणून वेदना पोहोचत नाही, असे हे निदान आहे. मराठीच्या, विशेषतः श्रमिकांच्या मराठीच्या, संदर्भात ते तपासून पाहिले पाहिजे.

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'सीपीआर', हे केवळ शहराचे रुग्णालय नाही. जिल्ह्यातील खेड्यांबरोबर कोकणातून आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडी भागातूनही रुग्ण तेथे येतात. या परिसराचे अर्थजीवन शरीर झिजवणाऱ्या कामांवर उभे आहे. उसाचे शिवार, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, निपाणीची विडी आणि चपलांचे बैठे काम, या साऱ्यांची वेगवेगळी दुखणी असतात आणि त्यांना वेगवेगळे शब्दही आहेत. ओझे उचलताना अवचित भरते ती उसण. मागापाशी तासन्‌तास उभे राहून पायांना लागते ती रग. वाकून वाकून कंबर 'धरते', मांडी घालून गुडघे अवघडतात. सणक एकदाच जाते, चमक पुन्हा पुन्हा येते, ठणका रात्री वाढतो, ठसठस आत काही पिकत असल्याची खूण देते. मुंग्या, आग, ओढ, कळ यांपैकी कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. या शब्दांचा विशेष असा, की त्यांपैकी अनेक शब्द केवळ संवेदनेची जात सांगून थांबत नाहीत; ते तिचे कारणही सांगतात. 'रग' म्हणताच कोणीतरी एकाच ठेवणीत फार वेळ राहिले आहे, हे कळते. वेदनेच्या शब्दात श्रमाचा इतिहास साठवलेला असतो.

कोणत्याही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सारे केसपेपरवर उतरते, तेव्हा 'कंबरदुखी, दोन वर्षे' एवढेच उरते. येथे भाषा अपुरी पडली असे म्हणता येत नाही. सांगणाऱ्याने नेमके सांगितले होते. उणीव नोंदीत निर्माण झाली.

२

ही उणीव केवळ घाईची नाही. घाई खरीच आहे, आणि ती गरीब देशांपुरती मर्यादित नाही. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने बोलणे सुरू केल्यानंतर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला थांबवतात, असे आढळले होते. परंतु वेळ वाढवून दिल्याने प्रश्न आपोआप सुटणार नाही. कारण तो मुळात प्रमाणाचा प्रश्न आहे. रुग्णाचे बोलणे कोणत्या प्रकारचे ज्ञान म्हणून स्वीकारले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

भारतीय ज्ञानमीमांसेत या प्रश्नावर एक महत्त्वाचा वाद आहे. गौतमाच्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांबरोबर शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले. वैशेषिकांनी शब्दाचा समावेश अनुमानात केला. वरवर पाहता हा शास्त्रकारांमधला सूक्ष्म कलह वाटतो. पण रुग्ण आणि वैद्य यांच्या संबंधात तो अगदी मूर्त होतो. रुग्ण म्हणतो, 'पायात आग होते.' हे वाक्य वैद्याने अनुमानाचे लिंग म्हणून घेतले, तर धुरावरून अग्नी ओळखावा तसा तो त्यावरून मज्जातंतूच्या विकाराकडे जातो, आणि विकार सापडला नाही तर ते वाक्य निरर्थक ठरते. तेच वाक्य शब्दप्रमाण म्हणून घेतले, तर ते आधी एका जाणत्याचे कथन असते. विकार सापडो वा न सापडो, आग होत आहे ही गोष्ट ज्ञात झालेली असते. पहिल्या पद्धतीत रुग्ण बोलतो तेव्हाही त्याचे केवळ निरीक्षण होत असते. दुसऱ्या पद्धतीत त्याचे ऐकले जाते.

आप्त कोण, या प्रश्नाला वात्स्यायनाने दिलेले उत्तर येथे विलक्षण उपयोगी आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार स्पष्ट करतो. म्हणजे आप्तत्व जन्मावर वा पदवीवर ठरत नाही. ते वस्तूशी असलेल्या निकटतेवर ठरते. या कसोटीने स्वतःच्या वेदनेबाबत रुग्णाइतका आप्त दुसरा कोणी संभवत नाही. वैद्यकालाही हे अपरिचित नव्हते. वाग्भटाने रुग्णपरीक्षेत दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न ठेवला. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाच्या आवडीनिवडी आणि त्याचे सुखदुःख हे त्याला विचारूनच जाणावे, असे सांगितले आहे. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण हेच लोकभाषेत सांगते. खुद्द 'वेदना' हा शब्द 'विद्' या जाणण्याच्या धातूपासून आला आहे. वेदना म्हणजे एक प्रकारचे जाणणे. ती ज्याला होते तो केवळ सोसणारा नसतो, तो ज्ञाताही असतो.

३

आधुनिक वैद्यकाचा भर दर्शनावर आला आणि त्यातून त्याने अफाट यश मिळवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दीर्घकालीन वेदना हा या यशाच्या सीमेवरचा प्रदेश आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याचे एमआरआय तपासले गेले, आणि जवळजवळ दोन तृतीयांश व्यक्तींच्या चकत्यांमध्ये काही ना काही दोष दिसला. दोष असून वेदना नाही, आणि वेदना असून दोष नाही, अशा दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारनियंत्रणाच्या सिद्धांताने वेदना म्हणजे इजेची थेट तार नव्हे, ती मज्जासंस्थेत कमीअधिक होत घडते, हे दाखवले. याच मेलझॅक यांनी १९७५ साली रुग्णांच्या शब्दांकडे वळून ७८ विशेषणांची, २० गटांत लावलेली प्रश्नावली तयार केली. वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ च्या आपल्या व्याख्येला २०२० साली सुधारून घेते आणि व्यक्तीने आपला अनुभव वेदना म्हणून सांगितला तर त्याचा आदर व्हावा, अशी टीप तिला जोडते, तेव्हा शब्दाला प्रमाणाचे स्थान परत देण्याचाच हा प्रयत्न असतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. ही आवृत्ती २०२२ पासून लागू झाली.

तरीही 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य रुग्णाच्या कानावर निकालासारखे पडते. रिपोर्टाने एवढेच सांगितलेले असते, की शोधलेली वस्तू शोधलेल्या जागी नाही. घरी त्याचा अर्थ होतो की दुखणे नाही. मग कांगावा, सोंग, मनाचे खेळ असे शब्द सुरू होतात, आणि ते स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतात. 'दुखणं अंगावर काढणं' हा वाक्प्रचार सोशिकतेचा गौरव म्हणून वापरला जातो. पण पुष्कळदा ते काढले जाते, कारण सांगून उपयोग होत नाही हे अनुभवाने कळलेले असते. तालमींच्या या शहरात सोसण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. जो सोसणे स्वतः निवडतो, त्याला ती शोभते. ज्याचे कोणी ऐकले नाही म्हणून सोसावे लागते, त्याच्यावर ती लादली गेलेली असते.

४

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा, की रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे परिणाम घातक होऊ शकतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला पाचवे जीवनलक्षण मानावे, अशी मोहीम झाली; त्याच काळात अफूजन्य औषधांचा वापर बेसुमार वाढला आणि पुढे त्यातून मोठी प्राणहानी झाली. पण तेथे नेमके काय घडले? रुग्णाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा विचारला गेला आणि उत्तरादाखल गोळी दिली गेली. आकडा म्हणजे कथन नव्हे. वेदना कधी येते, कशाने वाढते, तिच्यामुळे कोणते काम सुटले, कोणाचा आधार तुटला, हे त्यात येत नाही. प्रमाण मानणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. नैयायिकांच्या मतेही शब्दप्रमाणाचा बाध होऊ शकतो; मात्र बाधक दाखवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. संशय घ्यायला हरकत नाही. पण त्याला कारण हवे.

दुसरा आक्षेप महाराष्ट्राच्या अनुभवातून येतो. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कोल्हापूरच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातही येतात. या कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटात दुखते, अंगावर जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना हा उपाय सांगितला गेला. म्हणजे तक्रार तर ऐकली गेली होती. मग ऐकण्याने काय साधले, असे विचारता येईल. उत्तर हेच, की ऐकले गेले ते लिंग म्हणून. दुखण्यावरून अवयव अनुमानिला गेला आणि अवयव काढला गेला. त्या दुखण्यात मोळ्यांचे ओझे होते, फडावर संडास नव्हता, पाळीच्या दिवसांतही खाडा केला तर मजुरी कापली जाण्याची भीती होती. हे सारे कथनात होते किंवा एका प्रश्नाने कथनात आले असते. शब्द तोडून लक्षण तेवढे उचलले, की उपचार शरीराच्या चुकीच्या जागी जातो.

५

साहित्यसमीक्षेला हा विषय परका नाही. 'वेदना, विद्रोह आणि नकार' ही त्रयी दलित साहित्याच्या चर्चेत रूढ झाली, तेव्हा वेदना ही व्यक्तीच्या अंतःकरणातली हळवी अवस्था न राहता ज्ञानाचा दावा बनली. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'पासून या आत्मकथनांना एक प्रश्न वारंवार विचारला गेला: हे सामाजिक दस्तऐवज म्हणून ठीक आहे, पण यात कलात्मकता आहे का? या प्रश्नाची घडण ओळखीची आहे. कथन हे कथन म्हणून न घेता समाजस्थितीचे लिंग म्हणून घ्यायचे, आणि त्याच्या खरेपणाला बाहेरचा दाखला मागायचा. समीक्षकाचे सौंदर्यनिकष आणि वैद्याचा रिपोर्ट यांचे काम अशा वेळी एकच होते. १९२० साली 'मूकनायक' सुरू करताना डॉ. आंबेडकरांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले. त्या नावातील 'मूक' हा शब्दही याच अर्थाने वाचावा लागतो. ते लोक बोलत नव्हते असे नाही. त्यांचे बोलणे प्रमाण धरले जात नव्हते.

उलट उदाहरणही कोल्हापुरातच आहे. तरुण वयात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचकांनी आपलेसे केले. ते वाचताना कोणी तपासणीचे कागद मागत नाही. छापील पानावर जो विश्वास सहज दिला जातो, तो खिडकीपाशी केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या बाईला का मिळू नये? तिचे वाक्य तुटक असते, क्रम उलटसुलट असतो, मध्येच मुलाच्या शिक्षणाची गोष्ट येते. पण तुटक संहिता वाचण्याचेच शिक्षण साहित्य देते. तिच्या वाक्यातील मुलाची गोष्ट विषयांतर नसून वेदनेचाच भाग असू शकते, हे ओळखणे वाचनाचे काम आहे.

दीर्घकालीन वेदनेत बहुधा संपूर्ण बरे करणे शक्य नसते. म्हणूनच येथे ऐकणे हे उपचाराआधीचे उपचारिक सोपस्कार उरत नाही. जेथे बरे करता येते, तेथे न ऐकणारा वैद्यही कधीकधी क्षम्य ठरतो. जेथे बरे करता येत नाही, तेथे ऐकणे एवढेच वैद्याच्या, परिचारिकेच्या, नोंद करणाऱ्या कारकुनाच्याही हाती पूर्णपणे असते. मराठीत 'कळ' आणि 'कळणे' हे शब्द शेजारी राहतात, आणि 'कळवळा' त्यांच्या जवळच येतो. व्युत्पत्तीने त्यांचे नाते असो वा नसो, त्यांचा क्रम मात्र नैतिक विचाराला मान्य करावा लागतो: कळ एकाला येते, ती दुसऱ्याला सांगितल्याने कळते, आणि कळल्यानंतर येतो तो कळवळा. मधली पायरी गाळून दाखवलेला कळवळा ही दया असेल, न्याय नव्हे.