गाडीत बसवून दिल्यावर

भिवंडीत यंत्रमाग १२ तासांच्या दोन पाळ्यांत चालतो आणि कारीगरांच्या खोल्याही त्याच हिशोबाने चालतात. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच चटयांवर येऊन पडतात. अशा खोलीतला एखादा तरुण आठ-दहा रात्री झोपत नाही. भिंतीपलीकडे आपल्याबद्दलच बोलणं चाललंय असं सांगू लागतो. भाजीत काहीतरी घातलंय म्हणून ताट दूर सारतो. मग सोबती वर्गणी काढतात, तिकीट आणतात आणि कल्याणला नेऊन त्याला गावच्या गाडीत बसवून देतात.

या वर्गणीला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. जितकं कापड विणलं तितकीच मजुरी मिळणाऱ्यांचे ते पैसे असतात आणि त्यामागे माया असते. तरीही त्या मायेने तो माणूस कुठे पोहोचतो, हे विचारायला हवं. ज्याला परके आवाज ऐकू येताहेत, डब्यातला प्रत्येक चेहरा ज्याला वैरी वाटतो, त्याने दीड-दोन दिवसांचा प्रवास एकट्याने करायचा. मधल्याच कुठल्या स्टेशनावर तो उतरला, की त्याचं नाव, गाव, भाषा सगळं हरवतं. लोकांच्या लेखी उरतो फक्त रस्त्यावरचा वेडा.

अशाच माणसांसाठी डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत काम सुरू केलं. पुढे कर्जतला त्यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. त्यांना सुरुवातीला भेटलेला एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. उपचारांनंतर तो बोलता झाला, तेव्हा कळलं की मुलगा शिकलेला आहे आणि वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे घरी परतलेली अशी हजारो माणसं आहेत. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बऱ्या झालेल्या माणसाच्या हातात नुसतं तिकीट ठेवून त्याला निरोप देत नाहीत. कार्यकर्ता त्याच्यासोबत गावी जातो, घरच्यांशी बोलतो, आजार काय आहे आणि गोळ्या कशा चालू ठेवायच्या ते समजावतो.

हे समजावणं हा उपचाराचाच भाग आहे. तीव्र मानसिक आजारात कुणी मुद्दाम वेड्यासारखं वागत नसतं, की कुणाचं मन कमकुवत नसतं. मेंदूचं काम बिघडतं; त्यात आनुवंशिकता असते, ताण असतो, कधी गांजा असतो. जागरणाने काही आजार अक्षरशः उफाळून येतात. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि या आजारांवर गोळी लागू पडते हे जगाने पाहिलं. आज महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. पण औषधाची चाल संथ असते. आधी झोप येते, चिडचिड उतरते. संशय आणि आवाज ओसरायला आठवडे लागतात. मग माणूस बरा दिसतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि गोळ्या बंद होतात. काही महिन्यांत सगळं पुन्हा सुरू. तेव्हा शेजारी म्हणतात, ‘बघा, डॉक्टरने काही झालं नाही, हे बाहेरचंच आहे.’

बाहेरचं म्हणणाऱ्यांना हिणवून काही साधत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ हा उपक्रम झाला. तिथले मुजावर आजाराची लक्षणं ओळखायला शिकले आणि दुवा झाल्यावर आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवू लागले. कुणाला श्रद्धा सोडावी लागली नाही. श्रद्धेच्या नावाखाली साखळी मात्र चालू द्यायची नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

आणि गावाला पाठवणं चूकच, असंही मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेर स्किझोफ्रेनिया या तीव्र मानसिक आजाराचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात आग्र्याचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा पुढे बरे राहिलेले दिसले. कारणांबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे. भरलेलं घर आणि झेपेल तसं शेतातलं काम यांचा त्यात वाटा असावा, असं अनेकांना वाटतं. मला ते पटतं. मात्र त्या घरापर्यंत कुणीतरी सोबत जायला हवं आणि पिशवीत औषधाची चिठ्ठी हवी.

भिवंडीपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, ठाण्यात, १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. आपल्यातले कितीतरी जण त्याचं नाव फक्त टिंगलीत घेतात. अशा रुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेले लोक आहेत, कारण त्यांना न्यायला कुणी येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की घरच्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणाने कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही. रस्त्यावर भटकणारा रुग्ण सापडला तर पोलिसांनी २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं, हेही त्यात आहे. पण बाहेर पडल्यावर त्याला कामावर कोण घेणार, याचं कलम कायद्यात कसं लिहिणार?

ते कारखान्यात ठरतं. त्याआधीची मदत मात्र खोलीतूनच सुरू होऊ शकते. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर फोन खोलीतल्या कुणालाही करता येतो, मराठीत आणि हिंदीतही. ठाण्याला सोबत जाणं एका सोबत्याची एक पाळी बुडवून होतं. त्या बुडालेल्या मजुरीची वर्गणी तिकिटाच्या वर्गणीपेक्षा लहान असते. डॉक्टर गोळ्यांबरोबर सांगतात की रोज वेळेवर झोप हवी, रातपाळी नको. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतील. दिवसपाळी मुकादमाने द्यायची आहे, आणि दोन महिन्यांनी तो तरुण परत आला तर त्याला माग शेठने द्यायचा आहे.