पिठल्याची खरवड

गळ्यात तुळशीची माळ घातली की जिभेला आवर घालावा, हे आपल्या संप्रदायात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. मद्यमांस वर्ज्य, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, द्वादशीला बारस सोडणे, हा नेम घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरीही वारीत संध्याकाळी मुक्काम पडला, पावसाची झड लागली आणि मंडळी पाय चेपत राहुटीत बसली की बोलणे हमखास घरच्या पिठलं-भाकरीवर येते. "आमच्या म्हातारीच्या हातची चव पुन्हा कुठं मिळाली नाही," असे म्हणताना सत्तरीच्या वारकऱ्याचेही डोळे भरून येतात. याला जिभेचा मोह म्हणावे की मायेची आठवण? परमार्थाच्या वाटेवर हे ओझे आहे की शिदोरी?

शास्त्राने अन्नाच्या गोडीला सरसकट नावे ठेवलेली नाहीत. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत सात्त्विकांचा आहार सांगतात, तेव्हा तो रसाळ, स्निग्ध आणि मनाला रुचणारा असतो असेच म्हणतात. सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही असे सांगितले आहे. म्हणजे रुची हा दोष नव्हे. पण तिसऱ्या अध्यायात भगवंत कठोर होतात. जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असे त्यांचे सांगणे आहे. अन्न कोणासाठी शिजले आणि कोणाकोणाच्या मुखी गेले, यावर त्याचा निवाडा ठरतो. आठवणीतल्या अन्नालाही हीच कसोटी लावून पाहावी, असे मला वाटते.

मागच्या माघ वारीला आईचे गुडघे चालू देईनात, म्हणून आम्ही घरची माणसे मोटारीने पुण्याहून पंढरीस निघालो. सरळ सोलापूर रस्त्याने चार-पाच तासांचे काम. पण आई म्हणाली, "तुकोबारायांच्या वाटेनं ने, आन्‌ दमानं ने." मोटारीत बसून वारी घडते का, हा वाद जाणत्यांनी करावा. वेग उतरवला की वाटेवरची गावे ओळख देऊ लागतात, एवढे मात्र खरे. लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी मुक्कामाची गावे आई हात जोडून एकेक मोजत होती. आषाढीत तुकोबारायांची पालखी यवतला येते, तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण घालतात. भाकरी घरोघरी थापलेल्या, पिठलं मोठाल्या कढयांत शिजलेले. आपल्या पानात पडलेली भाकरी कोणाच्या घरची, हे खाणाऱ्याला कळत नाही आणि कोणी विचारतही नाही.

पाटसहून बारामतीकडे वळल्यावर रोटीचा घाट लागला. गावाचेच नाव रोटी. घाट चढून गेल्यावर माळरान आणि मधूनमधून शाळूची शेते. हुरडा सरून कणसातला दाणा टणक होऊ लागला होता. उंडवडीच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी थांबवून शिदोरी सोडली. दशमीचा दिवस होता. ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

पहिल्या घासालाच आजीची आठवण निघाली. धाकट्या बहिणीला आजीची लसणाची फोडणी आठवली, मला चुलीच्या धुराचा वास. थोरला म्हणाला, "आजीला खरवड फार आवडायची." लोखंडी कढईच्या बुडाला लागलेली पिठल्याची खरवड उलथन्याने काढून आजी ती आपल्या ताटात घ्यायची, हे आम्हा सगळ्यांनाच आठवत होते.

आई म्हणाली, "आत्याबाईंना खरवड आवडत नव्हती रे. तुम्हाला सगळ्यांना वाढून झालं की तेवढीच उरायची."

मग ती 1972 च्या दुष्काळाचे बोलू लागली. सासू-सुना दोघी सरकारी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. घरात भाजी नाही, डाळ शिजवावी तर पुरत नाही, म्हणून पिठलं. डाळीच्या मूठभर पिठात घर जेवते. "माणूस वाढलं की पाणी वाढायचं, पीठ तेवढंच," आई म्हणाली. दुष्काळ सरला, पुढे आम्ही पोरे आजीच्या हातचे खाऊन मोठी झालो, पण शेवटी जेवायची तिची रीत तशीच राहिली.

वाचकहो, यात कोणाची आठवण खोटी होती? नातवंडांची चव खरी होती आणि सुनेचा हिशेबही खरा होता. ज्याला वाढले जाते त्याला चव आठवते, जी वाढते तिला मोजमाप आठवते. आपण ज्याला मायेचे अन्न म्हणून उराशी धरतो, ते पुष्कळदा टंचाईचे अन्न असते. आपल्याला ती टंचाई जाणवू नये, एवढी काळजी कोणीतरी घेतलेली असते.

अशा वेळी आपल्या तोंडी एक सोपे उत्तर येते, "केवढा हा त्याग!" आणि आपण हात जोडून मोकळे होतो. पण त्याग म्हणायला सोडणाऱ्याच्या हाती सोडण्याजोगे काही असावे लागते. घेण्याची मुभा असून जो दुसऱ्यासाठी सोडतो, त्याने यज्ञ केला. जिला पहिल्या पंगतीला कधी बसताच आले नाही, तिच्या रित्या ताटाला आपण खाणाऱ्यांनीच यज्ञ म्हणावे, हे न्यायाचे नाही. आजीने ते प्रेमाने केले की निरुपायाने, तिचा पांडुरंग जाणे. बहुधा दोन्ही एकाच ताटात होते.

संतांच्या कथा इथे वाट दाखवतात. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत. देव त्यांच्याकडे आला आणि जात्याचा खुंटा धरून दळू लागला, असे आपण कीर्तनात ऐकतो. पैठणात नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न, ज्यांना पंगतीत जागाच नव्हती त्यांना आधी वाढले. अन्नाची गोडी संतांनाही ठाऊक होती. पण त्यांची नजर ताटावरून पुढे गेली, दळणाऱ्या हातापर्यंत आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या भुकेल्यापर्यंत.

म्हणून आठवणीतली चव टाकून द्यावी असे मला वाटत नाही. ती काल्यात घालावी. आषाढी-कार्तिकीच्या पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी आणली आणि देवाने ती एकत्र कालवली, हे त्याचे मूळ. कालवल्यावर दही कोणाचे आणि लाह्या कोणाच्या, हे ओळखू येत नाही. 'आमच्या घरची चव' हा अभिमान तिथे विरतो आणि घरची माया सर्वांच्या मुखी लागते. आठवण एकट्याने चघळली तर ती मोह होते. तीच पुढच्याला वाढली की प्रसाद होते.

हे आचरणात आणणे अवघड नाही. बारस सोडताना स्वयंपाक करणारीला पहिल्या पंगतीला बसवावे आणि घरच्या पुरुषांनी वाढावे. दिंडीत भाकरी थापणाऱ्या मायमाउल्यांचे हरिपाठ-कीर्तन चुलीपुढेच बुडते. एखाद्या मुक्कामी विणेकरी-टाळकऱ्यांच्या घरच्या तरुणांनी पीठ मळायला बसावे आणि त्या माउल्यांना कीर्तनात पुढची जागा द्यावी. घरी म्हातारी माणसे असतील तर त्यांच्या आवडीचे काय, हे त्यांना एकदा सरळ विचारावे. आपण धरून चाललेले उत्तर निराळे निघण्याचा संभव आहे.

खरवड गोड लागते यात शंका नाही. ज्याला आवडते त्याने ती हक्काने मागून घ्यावी. फक्त ती कोणाच्या वाट्याला उरलेली म्हणून येऊ नये, एवढे पाहावे.

रामकृष्ण हरि.