औषधी: भगवंताची विभूती

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील सोळाव्या श्लोकात श्रीभगवान क्रतू, यज्ञ, स्वधा, मंत्र, घृत आणि अग्नी यांच्या पंक्तीत औषधालाही बसवितात व ते आपलेच स्वरूप असल्याचे सांगतात. भगवत्पाद श्रीशंकराचार्यांनी या पदाचे दोन अर्थ केले आहेत: प्राणिमात्र जे भक्षण करतात ते अन्न, अथवा व्याधीच्या शमनासाठी घेतले जाणारे भेषज. पंधराव्या अध्यायात तर रसात्मक सोम होऊन सर्व औषधींचे पोषण करणारा आपणच, असे प्रभू म्हणतात. मग आजारी लेकरासाठी सहाणेवर सुंठ उगाळणारी माता एक प्रकारे पूजाच करीत असते, असे का म्हणू नये?

हा भाव फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९७ वे सूक्त औषधींनाच उद्देशून आहे. त्यात वनस्पतींना माता म्हणून हाक मारली आहे, आणि मूळ खणणाऱ्यास व ज्याच्यासाठी ते खणले जाते त्यासही अपाय न होवो, अशी प्रार्थना केली आहे.

परंतु भक्तिभाव म्हणजे अविचार नव्हे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात महर्षी सांगतात की, रानात हिंडणारे गुराखी व मेंढपाळ वनस्पतींची नावे आणि रूपे जाणतात. पण तेवढ्याने कोणी औषधी जाणणारा ठरत नाही. देश, काल व रोग्याची प्रकृती पाहून योजना करणे ज्याला कळते, तोच खरा भिषक्. न जाणलेले औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे घातक होय, हे त्यांचेच मत. झाडपाल्याचे औषध कधीच बाधत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

याचा प्रत्यय अलीकडेच आला. २०२० च्या महामारीत असंख्य घरांतून गुळवेलीचा काढा नित्य घेतला जाऊ लागला. २०२१ साली मुंबईतील काही तज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्दोष असल्याचे सांगून, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखविले. वाद काहीही असो, दोन्ही पक्षांच्या बोलण्यातून चरकांचाच इशारा ऐकू येतो: रूप नीट ओळखा, आणि योजना जाणकारावर सोपवा. ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे, किंवा जे दुसरी औषधे घेत आहेत, त्यांनी तर वैद्यास वा डॉक्टरास विचारल्यावाचून नित्य काढा घेऊच नये.

औषधी आणावी कशी, याचाही विधी चरकांच्या कल्पस्थानात आहे. शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्र नेसून, उपवास करून, देवतांचे पूजन करून पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करावे, मग औषधी घ्यावी. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल व कंद शरदात, फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. बाजारातून पुडी आणणाऱ्या गृहस्थाला यातील काय उरले आहे? अथर्ववेदाने हिमालयातील ज्या कुष्ठ वनस्पतीची ज्वरनाशक म्हणून स्तुती केली, ती रानातून इतकी उपटली गेली की आज ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक निर्बंधांखाली आहे. जटामांसीही रानात अतिसंकटग्रस्त झाली आहे. या दोहोंचे औषध भूमिगत भागात असते. ते खणून काढले की झाडच जाते. देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो एकटा भोगतो त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे, आणि आपल्या औषधाच्या कपाटाला हा शब्द लागू पडत नाही असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

गुळवेलीचे मात्र तसे नाही. तिचे खोड औषधात येते, मूळ जमिनीत राहते आणि वेल पुन्हा फुटते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल वैद्य श्रेष्ठ मानतात. पावसाळ्याच्या तोंडावर खोडाचा वीतभर तुकडा निंबाच्या बुंध्याशी लावला तर तो सहज रुजतो.