हत्यार कुणाच्या हातात?

जुनी वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा खर्चाच्या हिशेबाने सोडवतो. दुरुस्तीला किती लागतील, नवीला किती, नवी किती वर्षं टिकेल. हिशेबाने भागलं नाही की भावना मदतीला येतात: वडिलांनी घेतलेली वस्तू, इतकी वर्षं चालली, कशी टाकायची? पण हिशेब मालकाचा असतो आणि भावनाही मालकाचीच. वस्तू रोज हाताळणारा माणूस मालकाहून वेगळा असेल, तर या विचारात त्याला जागा कुठे असते?

आमच्या वाडीतल्या एका जुन्या चेनसॉबद्दल ठरवताना हा प्रश्न माझ्यासमोर आला. श्रीवर्धनजवळ आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि उभ्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. तेव्हा वाट मोकळी करण्यापासून सगळं काम या मशीनने केलं. वडिलांनी ते त्याच्या कितीतरी आधी घेतलेलं. मी बडोद्यात राहते, अनुवाद करते; ते मशीन मी कधीच चालवलेलं नाही. चालवतो तो वर्षानुवर्षं आमच्याकडे कामाला येणारा गडी. आमचं काम नसेल तेव्हा तेच मशीन घेऊन तो इतरांच्या वाड्यांतली झाडं कापतो आणि झाडागणिक पैसे घेतो.

आता ते नीट चालत नाही. थंड असताना दहा-पंधरा वेळा दोरी ओढावी लागते, तापलं की बंद पडतं. मुख्य म्हणजे खटका सोडला तरी साखळी थांबत नाही, हळूहळू सरकत राहते. तालुक्याच्या मेकॅनिकने उघडून पाहिलं. कार्बोरेटरमधला पडदा कडक झालाय, पेट्रोलची नळी चिरलीय, क्लचच्या स्प्रिंगा सैल पडल्यात. एवढं हजारभरात होईल. पण साखळीच्या ब्रेकचा पट्टा तुटलाय आणि या मॉडेलचं ते सामान आता येत नाही. “ब्रेक काढून टाकतो ना ताई, बरेच जण तसंच चालवतात,” तो म्हणाला.

हा ब्रेक काय करतो ते सांगायला हवं. चालू मशीनच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अडला, तर साखळीचा जोर उलटतो आणि पातं चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, खांद्याकडे उसळतं. माणूस सावध होण्याआधीच हे घडून गेलेलं असतं. त्या झटक्यात पुढच्या मुठीसमोरची ढाल हातावर आपटून पुढे ढकलली जाते, पट्टा क्लचच्या डब्याभोवती आवळला जातो आणि साखळी जागीच थांबते. वादळात पडलेल्या झाडांमध्ये हा धोका आणखी वाढतो. फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात, टोक कशाला लागेल ते दिसत नाही.

मी दुरुस्तीच्या बाजूची आहे. कल्हई लावलेली भांडी, टाके घातलेल्या चपला, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, यांत मी वाढले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची यंत्रंही घेतली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. इंजिन धडधाकट असताना एका पट्ट्यासाठी अख्खं मशीन मोडीत निघावं, ही आपल्या काळाची उधळपट्टी आहेच. पण गोधडी आणि चेनसॉ यांत एक फरक आहे. गोधडीचा टाका उसवला तर थंडी मलाच वाजते. इथे उरलेला दोष दुसऱ्याच्या अंगावर जाणार आहे. काटकसर हा गुण खरा, पण तिची किंमत स्वतः मोजेपर्यंतच तो गुण म्हणवून घेऊ शकतो.

मराठीत याला दोन शब्द आहेत. डागडुजी म्हणजे काम भागेल इतकं ठिगळ. दुरुस्ती हा शब्द फारसीतल्या ‘दुरुस्त’वरून आला, दुरुस्त म्हणजे योग्य, बरोबर, जसं असायला हवं तसं. संविधानातल्या बदलालाही आपण घटनादुरुस्ती म्हणतो, घटनेची डागडुजी म्हणत नाही. मेकॅनिक मला दुरुस्ती म्हणून जे देऊ करत होता ती डागडुजी होती. मशीन धडधडलं असतं, पण दुरुस्त झालं नसतं. बंद पडलेली चेनसॉ कुणाला इजा करत नाही. ब्रेक नसलेली, नुसती चालू झालेली चेनसॉ तिच्याहून कितीतरी वाईट.

तौलनिक साहित्याच्या वर्गात थीसियसचं जहाज हमखास भेटतं. अथेन्सवाले कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले, मग ते जहाज तेच राहिलं का, असा वाद तत्त्ववेत्ते घालत, असं प्लूटार्क सांगतो. पाली ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे नेमकं काय, आस की चाकं की जू? दोन्ही प्रश्न वस्तू काय आहे याचे आहेत. पण थीसियसचं म्हणून जपलेलं जहाज दरवर्षी खरोखर समुद्रात जात असे. ते डेलोसहून परतेपर्यंत सॉक्रेटिसचा मृत्युदंड थांबला होता, हे प्लेटोच्या ‘फीडो’त आहे. त्यात बसून जाणाऱ्यांच्या दृष्टीने फळी मूळची आहे की नवी, यापेक्षा तिच्यातून पाणी येतं का, हे महत्त्वाचं असणार.

‘हत्यार’ या शब्दाचं नातं हत्येशी नसून हाताशी आहे. हिंदीत ‘हथियार’ म्हटलं की शस्त्रच डोळ्यांसमोर येतं. मराठीत सुताराची किकरं-पटाशीही हत्यारंच, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा होते. बंगालीतही ‘हातियार’ दोन्ही अर्थांनी चालतो. अनुवाद करताना हा शब्द मला दर वेळी अडवतो: इथे अवजार म्हणू की शस्त्र? या मशीनच्या बाबतीत उत्तर एका पट्ट्यावर अवलंबून आहे. आणि कागदोपत्री मालक कुणीही असो, शब्द मात्र हाताचीच आठवण ठेवून आहे.

तर मग मशीन काढून टाकावं, हे सरळ वाटतं. पण गड्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, चालू तेवढी करून द्या. सवय आहे मला. नाहीतर मलाच देऊन टाका.” त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. त्या मशीनवर त्याच्या पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांची कमाई आहे. ते काढून घेतलं तर तो सुरक्षित होत नाही. तो कुऱ्हाड घेतो, किंवा कुणाची तरी याहून खराब चेनसॉ भाड्याने आणतो. त्याची संमती खरी आहे, पण दुसरा पर्याय नसताना दिलेली आहे. ती पुढे करून मी मोकळी होऊ शकत नाही. आणि बडोद्यात बसून त्याच्या जिवाची काळजी वाहायची, पण त्या काळजीचा खर्च त्याच्याच पोटावर टाकायचा, हेही सभ्यपणाच्या वेषातलं अंग काढून घेणं झालं. ‘तुलाच घे’ म्हणून ते देणं तर दान दिसेल आणि प्रत्यक्षात जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं असेल. भंगारात घातलं तरी तेच: कुणीतरी ते चालू करून आणखी गरजू हातात विकणार.

मला पटलेलं सूत्र असं: जो ठरवतो, त्याने ठरवण्याची किंमतही भरावी. दुरुस्त करायचं तर ब्रेकसकट पूर्ण दुरुस्त करायचं. ते शक्य नसेल आणि मशीन काढून घ्यायचं, तर त्याची जागा भरून द्यायची. ब्रेकचा पट्टा मेकॅनिकने आणखी महिनाभर शोधला, मिळाला नाही. मग मशीन त्याच्याकडे सुटं करून घेतलं. सिलिंडर, मॅग्नेटो, टाकी दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मशीनला उपयोगी पडोत; क्लचचा डबा आणि पातं मात्र वेगळं मोडीत गेलं. नवं मशीन गड्याने स्वतः हाताळून निवडलं, शिरस्त्राण आणि पायांवरच्या जाड संरक्षक कापडासकट. त्याला एका कादंबरीच्या अनुवादाचं जवळजवळ सगळं मानधन लागलं. मशीन त्याच्या नावावर आहे. आमच्या वाडीचं काम तो पूर्वीसारखंच मजुरी घेऊन करतो.

शिरस्त्राण उकाड्यात तो घालत नाही, हे मला माहीत आहे. ब्रेक असला तरी झाड कुठल्या बाजूला पडेल हे ब्रेक ठरवत नाही. नव्या मशीनला जुन्याचा दम नाही, असंही तो म्हणतो, आणि त्याचं खरं असेल. इतकी वर्षं ते त्याच्या हातात होतं, माझ्या नव्हे.