नाव देण्याची अमानत

कळंब-मंचरच्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या असतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर चिखलात पावलं उमटली होती. मुलं म्हणाली, वाघ. मी म्हणालो, कुत्रं असेल. तेव्हा शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा वाकून पाहत म्हणाला, "सर, ये कुत्तेका नै. नाखून किधर हैं?"

तो बरोबर होता. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. बिबट्या चालताना ती आत ओढून घेतो. गावात त्याला वाघ म्हणतात, मराठीत बिबट्या, आमच्या उर्दूत तेंदुआ. शास्त्रात मात्र जगभर एकच नाव, पँथेरा पार्डस. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्राण्यांना अशी दोन शब्दी नावं देण्याची शिस्त स्वीडनच्या लिनियसने 1758 च्या ग्रंथात पक्की केली.

याच मुलाच्या नावापुढे पहिल्या चाचणीनंतर मी 'कच्चा' असं लिहून ठेवलं होतं. त्यानंतर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

आदमला नावं शिकवली गेली, हे आपण सूरह बकरामध्ये वाचतो. म्हणजे नाव देणं ही माणसाकडे सोपवलेली अमानत आहे. पण नाव दिलं म्हणजे ओळख झाली का?

मुंबईतल्या बोहरा घराण्यातल्या सलीम अलींनी लहानपणी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी मुसलमानाने खावी का, ही शंका घेऊन ते मामू अमिरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामूंनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवलं. तिथे ती पिवळ्या गळ्याची वेगळी चिमणी असल्याचं कळलं, आणि त्या मुलाला आयुष्यभराचं काम मिळालं. 'चिमणीच आहे' म्हणून तो थांबला असता, तर?

याच सोसायटीच्या संग्रहात दक्षिणेतल्या डोंगरात 1948 मध्ये मिळालेलं एक वटवाघूळ होतं. त्याच्यावर आखूड नाकाच्या नेहमीच्या फळवाघळाची चिठ्ठी होती. पुढे थायलंडच्या किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासलं. ते नुसत्या नव्या जातीचं नव्हे, नव्या प्रजातीचं निघालं. 1972 मध्ये त्याला नाव मिळालं, लॅटिडेन्स सलीमअली. इतकी वर्षं चूक टिकली, पण चिठ्ठीबरोबर वाघूळही जपून ठेवलेलं होतं, म्हणूनच ती सुधारता आली. शास्त्राचा मोठेपणा मला इथे दिसतो. त्याची नावं चुकतात, पण पुन्हा पाहायला येणाऱ्याला तिथे मनाई नसते.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण चिठ्ठी जपतो आणि माणूस विसरतो. खुद्द लिनियसनेही माणसांचे खंडांप्रमाणे गट पाडले आणि रंगाबरोबर त्यांना स्वभावही वाटून दिले. कोणी आळशी, कोणी लोभी. पानाफुलांचे बारकावे टिपणाऱ्या नजरेला इथे थांबून पाहावंसं वाटलं नाही. आपलं नाव ऐकताच घरमालकाची खोली 'आधीच दिलेली' निघते, हे आपल्यातल्या अनेकांनी सोसलं आहे. पण आपणही बिरादरी विचारूनच सोयरीक ठरवतो ना? 'त्यांच्यातले तसलेच' हे वाक्य आपल्याही ओट्यावर ऐकू येतं.

वर्गीकरण सोडून द्या, असं मी म्हणत नाही. नावांशिवाय ना इल्म चालेल, ना शाळेचा हजेरीपट. पण ज्याला आपण नाव दिलं, त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

त्या दिवशी मी वही काढली. 'कच्चा' खोडलं. त्याजागी 'हुशार' लिहिणार होतो, पण तीही घाईने लावलेली चिठ्ठीच झाली असती. मी इतकंच लिहिलं, 'पावलं ओळखतो. वाचनासाठी रोज थोडा वेळ द्यावा.' दुसऱ्या दिवसापासून त्याला पहिल्या बाकावर घेतलं.